डिस्क गार आहे तोवर

माझं तोंड फटकळ आहे, असं घरी-दारी सगळेच सांगत आले आहेत. रावेरकडच्या केळीवाल्या घरात मी वाढले. तिथं घड कापायचा दिवस टळला की माल वाया जातो, म्हणून जे सांगायचं ते तोंडावर सांगून मोकळं व्हायची सवय. पुढे नोकरीही अशी मिळाली की ती सवय जाण्याऐवजी पक्की झाली. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत मी अमळनेरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. मालक धुळ्याला, मशीन अमळनेरला आणि बिघाड माझ्या गळ्यात, असा कारभार होता. शिकवता शिकवता मी दुरुस्ती शिकले, आणि दुरुस्तीत पहिली गोष्ट शिकले ती डिस्क तपासायची.

तेव्हा माउस, म्हणजे तो उंदीरबिंदीर, काही नसायचा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, त्यात आपण आज्ञा लिहायची. चेकडिस्क अशी एक आज्ञा होती. ती दिली की मशीन आपल्या पोटातला हिशेब सांगायचं: जागा किती, भरलेली किती, आणि खराब किती. पुढे स्कॅनडिस्क आलं. ते डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचून बघायचं. पडद्यावर बारीक चौकटींचा नकाशा यायचा आणि जी जागा वाचता येत नाही तिथं इंग्रजी बी उमटायचा. तो बी दिसला की मी आधी प्रत काढायला घ्यायचे. कारण डिस्कवर एक डाग पडला की त्याच्या शेजारी दुसरा पडतो. केळीच्या घडात एक फणी सडली की शेजारची फार दिवस टिकत नाही, तसंच ते.

अशाच एका उन्हाळ्यात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, आबा क्लासमध्ये आले. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. डोक्याला उपरणं गुंडाळलेला, धोतर नेसलेला हा म्हातारा दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, डिस्कमध्ये बी वाढतायत. रोज एखाददुसरा नवा दिसतो."

त्या काळी अमळनेरात असं वाक्य बोलणारा धोतरातला माणूस मी पाहिला नव्हता. मी त्यांना पाणी दिलं आणि बसवलं. पारोळ्याला शाळेत शिकवून निवृत्त झालेले. मुलगा दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला. त्यानं एक जुना कॉम्प्युटर घेऊन दिला होता, देवनागरी लिहायची सोयही करून दिली होती. त्याच्यावर आबा गाणी टिपत होते. कानबाईची, आखाजीची, जात्यावरची, हळदीची, बायकांच्या तोंडची अहिराणी गाणी.

"कोणाकडून घेतली?" मी विचारलं.

"आमच्या घरातूनच. बठ्ठी तिन्हीच शेतस." सगळी तिचीच, म्हणजे बायकोची. मग शुद्ध मराठीत म्हणाले, "आता तिला बोलता येत नाही."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या बायकोला, अक्कांना, लकवा झाला होता. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून एकच आवाज यायचा. म्हणजे त्या डिस्कवर जे होतं ते पुन्हा सांगायला कोणी उरलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पारोळ्याला गेले.

किल्ल्याच्या बाजूला, दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. बाहेरच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. आतल्या दारापाशी खाटेवर अक्का. केस विंचरलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू, डावा हात मांडीवर आणि उजवा कोणीतरी आणून ठेवल्यासारखा बाजूला. मी नमस्कार केला तर त्यांनी डाव्या हातानं मला जवळ बोलावलं आणि माझ्या बांगड्या बघितल्या. बाईमाणूस मशीन बघायला आलेलं त्यांना आवडलं असावं.

मी पोचले तेव्हा स्कॅनडिस्क चालूच होतं. पडद्यावर चौकटी भरत चालल्या होत्या, आतून डिस्कचा टक्... टक्... असा आवाज येत होता, आणि आबा समोर मांडी घालून बसले होते.

"हे कधीपासून करता?"

"रोज सकाळी. आंघोळ झाली, पूजा झाली की पहिलं हेच. मुलानं सांगितलं होतं, तपासत जा म्हणजे बिघाड लवकर कळेल."

"पूर्ण डिस्क? रोज?"

"पूर्ण. अर्धवट कशाला?"

माझा पारा चढला. त्या वयाच्या माणसाशी असं बोलू नये, पण मी बोलले. "आबा, ही म्हातारी डिस्क आहे. हिला रोज या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवता आणि वर पत्र्याखाली तापवता. तपासून कोणी बरं होत नाही. आधी बंद करा ते!"

"पण ते खराब जागेवर खूण करतं ना? मग ती जागा सुधारते."

"सुधारत नाही. नुसतं कुंपण घालतं, की इकडे येऊ नका. कुंपणाच्या आत जे गेलं ते गेलं."

आबांनी मुकाट्यानं मशीन बंद केलं. टकटक थांबली तेव्हा खोली एकदम रिकामी वाटली. मला वाटलं, आता विचारायला हरकत नाही. "दुसरी प्रत कुठाय? फ्लॉपीवर?"

फ्लॉपीचा त्यांना धसका होता. पहिल्या वर्षी आखाजीची गाणी फ्लॉपीवर ठेवली होती, पावसाळ्यात तिला बुरशी धरली आणि सगळी गेली. अक्का तेव्हा धडधाकट होत्या म्हणून त्यांनी ती पुन्हा सांगितली. त्यानंतर दुधानं तोंड पोळलेल्या माणसासारखं आबांनी फ्लॉपीचं नावच टाकलं आणि सगळा भरवसा डिस्कवर ठेवला. छापून का नाही काढलं, विचारलं तर म्हणाले, "पुस्तक पुरं झाल्यावर काढणार होतो. अर्धी भाजलेली पोळी तव्यावरून कोण काढतं?"

"मग हातानं लिहिलेले कागद? ते तरी असतील?"

 आबांनी सांगितलं ते ऐकून मी रागावायचंही विसरले. कानबाईची गाणी म्हणजे देवीचं नाव. ते कागद रद्दीत घालवत नाहीत, चुलीत तर मुळीच नाही. टाइप झाले तसे त्यांनी सगळे कागद एका फडक्यात बांधले, आणि श्रावणात कानबाईचे रोट, म्हणजे तिचा सण, झाल्यावर सोमवारी ती विसर्जनाला निघाली तेव्हा तिच्याबरोबर बोरी नदीच्या पाण्यात सोडले. बायका गाणी म्हणत होत्या, अक्काही म्हणत होत्या. सगळं रीतसर झालं होतं.

आमच्याकडे देव्हाऱ्यातला जुना फोटोसुद्धा नदीवरच जातो, त्यामुळे मी काय बोलणार? कागद पाण्यात गेले, फ्लॉपीला बुरशी लागली, सांगणारीची वाचा गेली. उरली ती ही टकटकणारी डिस्क, आणि तिला हा भला माणूस रोज सकाळी भक्तिभावानं झिजवत होता. माणसं काळजी करतात तेव्हा नेमकं जे करायचं ते सोडून बाकी सगळं करतात, असं माझं मत तेव्हा झालं आणि अजूनही बदललेलं नाही.

डिस्क गरम झाली की जास्त चुकते, एवढं मला अनुभवानं ठाऊक होतं. पारोळ्याच्या त्या उन्हात पत्र्याखाली ती गार होणार कशी? फ्रीज शेजारीपाजारी कोणाकडे नव्हता. मग मी डिस्क खोलून बाहेर काढली, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट गुंडाळली, पितळी डब्यात ठेवली आणि तो डबा माठाखालच्या ओल्या वाळूत पुरला. हे कोणी मला शिकवलं नव्हतं. आमच्याकडे विड्याची पानं अशी ठेवतात. अक्का खाटेवरून हे सगळं बघत होत्या आणि त्यांच्या तोंडाची एक बाजू हसत होती. दुसरी तशीच राहिली.

मी परत अमळनेरला गेले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं कोऱ्या फ्लॉपींचा खोका घेऊन आले. सूर्य वर यायच्या आत डिस्क जोडली. आबांना मी आधीच बजावलं होतं. "आज काही तपासायचं नाही. किती बी झाले, कुठे झाले, काही बघायचं नाही. ती गार आहे तोवर जेवढं निघेल तेवढं काढायचं. आधी काय हवं ते तुम्ही सांगा."

आबा म्हणाले, "बठ्ठंच पाहिजे."

"बठ्ठं मिळेलच असं नाही."

हे मी जरा जोरातच बोलले. आबांनी अक्कांकडे पाहिलं. मग त्यांची खाट आम्ही दोघांनी ओढून टेबलापाशी आणली. नावं मी मोठ्यानं वाचायची आणि अक्कांनी खुणेनं सांगायचं, असं ठरलं. गाणी त्यांची होती. त्यांना विचारण्याची बुद्धी आम्हाला तेवढ्यात तरी झाली.

मी यादी पडद्यावर आणली. "कानबाई."

अक्कांनी डावा हात हलवला. हो.

कानबाईची फाइल फ्लॉपीवर उतरायला लागली. मध्येच डिस्क अडकली, टकटक झाली, आणि पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला: सोडून द्यायचं, की पुन्हा प्रयत्न करायचा? सोडायचं तर ए, पुन्हा करायचं तर आर. मी आर दाबला. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा आर.

"आखो एक डाव," आबा म्हणाले. "आखो एक डाव देख, माय."

आणखी एकदा, आणखी एकदा, असं मी दाबत राहिले. एका दाबण्याला ती सुटली आणि फाइल पुढे सरकली. आबांनी श्वास सोडला तो मला मानेवर जाणवला. मग आखाजी. मग झोका. जात्यावरच्या गाण्यांनी फार छळलं, तिथं माझं बोट दुखायला लागलं, तरी आबांचं 'आखो एक डाव' थांबत नव्हतं. मध्ये चहा आला आणि गार होऊन गेला. एक फाइल अर्धीच निघाली, एक निघालीच नाही, आणि त्या वेळी आबा उठून अंगणात जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. अक्का मात्र स्थिर होत्या. नाव वाचलं की त्यांचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही, पण मला वाटायचं की पहिली ओळ त्या आतल्या आत म्हणून बघतायत.

ऊन पत्र्यावर आलं. डिस्कला हात लावून बघितला तर कोमट लागली. आता फार वेळ नव्हता. यादीत शेवटी एक लहानशी फाइल राहिली होती. मी घाईत होते, म्हणून नाव वाचता वाचताच आज्ञा देऊन टाकली. "पोर."

माझं मनगट कोणीतरी धरलं.

अक्कांचा डावा हात होता. लकव्यानंतर जेवढी ताकद उरली होती ती सगळी त्या हातात आली असावी, कारण बांगडी माझ्या हाडात रुतली. त्यांनी मान हलवली. नाही. तोंडातून तो एकच आवाज आला, पण असा आला की मी खुर्चीत मागे सरकले.

"काय झालं? आबा, काय म्हणतायत त्या?"

 डिस्क अडकली होती, टकटकत होती, आणि पडद्यावर तोच प्रश्न उभा होता. सोडायचं की पुन्हा?

"आबा, हे कसलं गाणं आहे?"

"सगळ्यात चांगलं आहे ते," आबा हळू आवाजात म्हणाले. "पुस्तकात पहिलं तेच घालणार होतो."

"मग या नको का म्हणतायत?"

मग आबांनी सांगितलं. अक्कांनी माझा हात सोडला नव्हता, त्यामुळे मला हलताही येत नव्हतं. त्यांची एक मुलगी होती, पहिली. तापानं गेली, चालायला लागली होती तेव्हा. आमच्याकडे बायका मेलेल्या माणसासाठी नुसत्या रडत नाहीत, बोलून बोलून रडतात, सुरात. अक्का त्या दिवशी लेकराला मांडीवर घेऊन तशा रडल्या. आबा ओट्यावर बसले होते. आत बायकांत त्यांना जाता येत नव्हतं.

"मी ऐकत होतो," आबा म्हणाले. "माझीही लेक होती. पण ऐकता ऐकता मला वाटलं, हे असं कोणी कधी म्हटलेलं नाही. मातीवरून आल्यावर मी ते लिहून ठेवलं. शब्द न् शब्द."

"यांना सांगितलं होतं?"

"नाही. बऱ्याच वर्षांनी अमळनेरला एका सभेत मी ते वाचलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग टाळ्या झाल्या. शेजारची एक बाई तिथं होती, तिनं घरी येऊन हिला सांगितलं. टाळ्या झाल्या, असं सांगितलं."

अक्का त्यांच्याकडे बघत होत्या. मी तशी नजर त्याआधी कधी पाहिली नव्हती. राग नव्हता त्यात. इतकी वर्षं एखादी गोष्ट दाराशी उभी आहे आणि कोणी तिला आत ये म्हणत नाही, तसं काहीतरी होतं. मला त्या क्षणी आबांचा संताप आला, आणि त्यांची दयाही आली, आणि दोन्ही एकाच वेळी का येतं ते मला कळेना.

"ही कधी काही बोलली नाही," आबा म्हणाले. "बाकीची गाणी तिनं आपणहून सांगितली, बसून बसून सांगितली. मला वाटलं विसरली."

मी म्हटलं, "डिस्क तापतेय आबा. आर दाबू? एखादवेळेस निघेल अजून."

खरं तर निघालीच असती, असा माझा अंदाज होता. फाइल लहान होती आणि मघापासून याहून वाईट जागा आम्ही पार केल्या होत्या. हे मी त्यांना सांगितलंही. खोटं बोलून त्यांचं काम सोपं करणं मला जमलं नसतं, आणि ते काम माझं नव्हतंही. सकाळपासून दर अडथळ्याला 'आखो एक डाव' म्हणणारा तो माणूस आता माझ्या खुर्चीमागे नुसता उभा होता. त्यांचे डोळे पडद्यावर होते, मग अक्कांच्या हातावर गेले, मग पुन्हा पडद्यावर.

मग ते वाकले. माझ्या खांद्यावरून त्यांचा हात पुढे आला आणि त्यांनी स्वतः ए दाबला.

टकटक थांबली. पडद्यावर रिकामी ओळ आली.

आबा खाटेच्या कडेवर बसले. "गयं वं ते," ते अक्कांना म्हणाले. "आते नही शे."

अक्कांनी माझा हात सोडला. मनगटावर बांगडीचा लाल वळ उठला होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, जशी आई फिरवते तसा, आणि मी इतकी फटकळ बाई, तिथं बसून रडले.

ती डिस्क त्यानंतर मी पुन्हा जोडली नाही. आबांनीही गार करून बघू असं कधी म्हटलं नाही. निघालेल्या गाण्यांच्या आम्ही दोन-दोन फ्लॉप्या केल्या, छापूनही काढल्या. जिथं भोकं पडली होती तिथं आबा ओळ वाचायचे आणि अक्का हात हलवून चूक-बरोबर सांगायच्या. असं करत करत बरंचसं भरून आलं. सगळं नाही आलं. पुस्तक निघालं तेव्हा अक्का होत्या. ते त्यांच्या मांडीवर ठेवलं तर त्यांनी डाव्या हातानं पानं उलटली, वाचता येत नसतानाही एकेक करून, शेवटपर्यंत. ‘पोर’ यात कुठे आहे का ते शोधत होत्या, हे मला कळलं आणि आबांनाही कळलं असणार. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटून उशाशी ठेवलं.

काही महिन्यांनी धुळ्याचे एक प्राध्यापक भेटायला आले, तेव्हा मी तिथंच होते. पुस्तकाचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. मग म्हणाले, "आबा, पण ते एक गाणं यात दिसत नाही. तुम्ही अमळनेरला वाचलं होतंत, आईचं, लेकरासाठीचं. मी त्या सभेत होतो. ते कसं राहिलं?"

मला वाटलं, आता डिस्कचं नाव सांगतील. खराब झाली, वाचता आलं नाही, असं सांगितलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं.

अक्का खाटेवर होत्या. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते गाणं नव्हतं हो. ती रडत होती."